लिंबूटिंबूंच्या बाजूने

खानदेशातील कोणत्याही गावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. दोन मल्ल मातीत उतरतात. एक नावाजलेला, तालमीत तूप-बदाम खाऊन तयार झालेला. दुसरा शेजारच्या पाड्यावरून आलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. फडाभोवती बसलेली माणसे तत्क्षणी, कोणी न सांगता, दुसऱ्याच्या बाजूची होतात. त्याचे नाव कोणाला माहीत नसते. तो चितपट होणार हेही सर्वांना दिसत असते. तरीही तो दोन मिनिटे टिकला की शिट्ट्या सुरू होतात आणि चार मिनिटे टिकला तर काठी टेकून बसलेले म्हातारे उभे राहतात.

अशा दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासाठी आपल्या भाषेने मोठा लडिवाळ शब्द राखून ठेवला आहे: लिंबूटिंबू. लहानपणी ज्याला बाद केले तरी बाद धरीत नसत, तो कच्चा लिंबू. तोच शब्द पुढे वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर गेला आणि कमकुवत संघांना चिकटला. त्यात थोडी थट्टा आहे, तशी थोडी मायाही आहे. प्रस्तुत लेखात मला या लिंबूटिंबूंची बाजू मांडायची आहे. त्यातही महाविद्यालयांच्या फुटबॉल संघांची. वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

प्रथम फुटबॉलच का, ते सांगतो. संशोधनपद्धतीच्या पहिल्याच धड्यात आपण शिकतो की नमुना जितका लहान, तितका योगायोगाला वाव अधिक. कबड्डीच्या एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. एवढ्या गुणांत एखादी पकड नशिबाने मिळाली, एखादी चढाई नशिबाने साधली, तरी शेवटी ते सारे एकमेकांत जिरते आणि बलवान संघ पुढे येतो. फुटबॉलचे तसे नाही. २०२२ साली कतारमध्ये झालेल्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. म्हणजे सामन्यामागे सरासरी तीनदेखील नाहीत. दीड तास धावाधाव, आणि निकाल ठरणार दोन-तीन क्षणांवर! बलवान संघाने चेंडू दिवसभर आपल्याकडे ठेवला, तरी एका प्रतिहल्ल्यात, एका कॉर्नरवर, बचावपटूच्या एका घसरलेल्या पायावर सारे पारडे फिरू शकते. त्याच स्पर्धेत सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे हरविले, आणि पुढे विश्वचषक मात्र अर्जेंटिनानेच जिंकला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हेच या खेळाचे वैशिष्ट्य. दुबळ्याला येथे दार पूर्ण बंद नसते. ते किंचित किलकिले असते. प्रेक्षकाचा सारा जीव त्या फटीला लागलेला असतो.

आणि महाविद्यालयाचाच संघ का? व्यावसायिक संघ दुबळा असला तरी त्यातील खेळाडूंना मानधन असते, प्रशिक्षक असतात, पुढच्या हंगामात नवे खेळाडू विकत घेण्याची सोय असते. महाविद्यालयाचा संघ दोन-तीन वर्षांचा पाहुणा. या वर्षीचा आघाडीपटू पुढच्या वर्षी पदवी घेऊन कुठल्या तरी दुकानात हिशेब लिहीत असतो. जे अकरा जण वर्गात मागच्या बाकांवर बसतात, कॅन्टीनमध्ये एका चहात दोघे भागवतात, तेच अकरा जण एका दुपारी मैदानावर उतरतात. त्यांच्या पाठीमागे आपले स्वतःचे एक वय उभे असते. म्हणूनच ते पाहताना आपण तटस्थ राहू शकत नाही.

काही वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या वेळी डॉक्टर म्हणून मैदानावर बसण्याची विनंती मला झाली होती. एका बाजूला सर्व साधनांनी सज्ज असा संघ होता: प्रशिक्षक, राखीव खेळाडूंची पूर्ण रांग, जाळीच्या पिशवीत आठ-दहा चेंडू. दुसऱ्या बाजूला आपल्या गोडादरा-लिंबायत भागातील मुले अधिक असलेला संघ. यांतील बरीच मुले सकाळी महाविद्यालयात आणि दुपारनंतर साडी मार्केटमध्ये पार्सले बांधायला किंवा नातेवाइकाच्या लूमखात्यावर जाणारी. आपसांत ती अहिराणीत बोलत होती आणि पंचांशी हिंदीत. गणवेश सर्वांचे निळे, पण प्रत्येकाचा निळा वेगळा. सामना सुरू होण्यापूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला आणि चिकटपट्टी मागू लागला. कोठे लागले, म्हणून मी विचारले. त्याने पाय वर करून बुटाचा सुटलेला तळ दाखविला.

दहाव्या मिनिटालाच त्यांच्यावर गोल झाला. आता गोलांची रास पडणार, असे मलाही वाटले. परंतु तसे घडले नाही. त्यांचा गोलरक्षक मूळचा कबड्डीपटू असावा; समोरून येणाऱ्या आघाडीपटूच्या पायांत तो असा झेपावत होता की माझा हात प्रत्येक वेळी औषधांच्या पेटीकडे जाई. मध्यंतरापर्यंत ०-१. मध्यंतरानंतर पाऊण तासाच्या खेळात त्यांना मिळून एक कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, गर्दीत कोणाच्या तरी डोक्याला लागला आणि जाळीत गेला. ज्याच्या डोक्याला लागला त्यालाही तो आपलाच गोल हे दुसऱ्याने सांगावे लागले! पुढची बारा मिनिटे त्या अकरा पोरांनी जे केले त्याला डावपेच म्हणता येणार नाही. त्यांनी नुसते नाकारले. चेंडू जाळीत जाऊ देणे नाकारले. मैदानाचा चौकीदार, चहावाला, दुसऱ्या सामन्यासाठी थांबलेले दोन संघ, सारे एव्हाना एका बाजूचे झाले होते. शेवटची शिट्टी झाली तेव्हा सवयीने मी माझी नाडी पाहिली. ती ११२ होती, आणि मी तर खुर्चीवर बसलेलो होतो. सामना बरोबरीत सुटला. पुढचा सामना तो संघ हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. तरीही त्या दिवसाच्या विजेत्यांची नावे आज मला आठवत नाहीत. चिकटपट्टी लावलेला तो बूट आठवतो.

नाडीचा उल्लेख केवळ गमतीचा नाही. २००६ साली जर्मनीत विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक परिसरातील हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद तेथील डॉक्टरांनी ठेवली होती. ती २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा घटनांचे प्रमाण नेहमीच्या २.६६ पट आढळले, आणि सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ते सर्वाधिक होते. म्हणजे ‘काळजाचा ठोका चुकणे’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार वैद्यकीय नोंदीतही उतरला आहे. ज्यांना हृदयविकार आहे अशा आपल्या रुग्णांना अटीतटीच्या सामन्याच्या दिवशी औषध चुकवू नका, हे आवर्जून सांगावे. बाकीच्यांनी मात्र हा ठोका अधूनमधून चुकू द्यावा. तो चुकणे हे आपण अजून कोणासाठी तरी धडधडतो याचे लक्षण आहे.

आता थोडा इतिहास. आपले सुरत जसे कापडाचे, तसे इंग्लंडमधील ब्लॅकबर्न हे गाव एके काळी कापडाचे. १८८३ साली तेथील ‘ब्लॅकबर्न ऑलिंपिक’ हा संघ एफ. ए. चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर होते ‘ओल्ड एटोनियन्स’, म्हणजे ईटन या श्रीमंतांच्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आणि आदल्या वर्षीचे विजेते. ब्लॅकबर्नच्या संघात विणकर होते, सूतगिरणीतील कामगार होते, एक नळकारागीर होता, आणि आपल्या वाचकांना विशेष आनंद वाटेल असे म्हणजे, गोलरक्षक हा एका दंतवैद्याचा मदतनीस होता. ३१ मार्च १८८३ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर जादा वेळेत कॉस्टली नावाच्या सूतकामगाराने गोल केला आणि ब्लॅकबर्नने २-१ असा विजय मिळविला. ईटनसारख्या विद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांकडे तो चषक पुन्हा कधीच गेला नाही.

या विजयाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही, ती मला महत्त्वाची वाटते. गावातील एका लोखंड ओतकामाच्या कारखानदाराने या संघाला पैसे दिले होते. त्या बळावर कामगार खेळाडू सामन्याआधी काही दिवस रजा काढून ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी सरावासाठी गेले. धनिकांच्या बाजूने त्यावर नाकेही मुरडली गेली. पण ज्यांना सरावाला उभा जन्म मोकळा होता त्यांनी, ज्यांना चार दिवस मिळाले त्यांच्यावर आक्षेप घ्यावा, यातच सारे आले. चमत्कार म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, त्याच्या पोटात बहुधा असा कोणाचा तरी मदतीचा हात असतो.

अमेरिकेत ‘कॉलेज फुटबॉल’ म्हणतात तो खेळ निराळा. अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळायचा. आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे स्थायिक असल्याने ते नाव आता घराघरांत परिचित झाले आहे. तेथेही १ सप्टेंबर २००७ रोजी ॲपलेशियन स्टेट या खालच्या गटातील विद्यापीठाच्या संघाने, देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ३४-३२ असे हरविले. शेवटच्या क्षणी मिशिगनने मारलेली निर्णायक किक त्यांच्या एका खेळाडूने मध्येच अडविली. खेळ कोणताही असो, थरार तोच. मात्र ॲपलेशियन स्टेट हा संघ आपल्या गटात लागोपाठ दोन वर्षे विजेता होता, हेही विसरू नये. पुष्कळदा ज्याला आपण दुबळा म्हणतो तो दुबळा नसतोच. त्याला खालच्या पंगतीत बसविलेले असते, एवढेच.

आता आपल्या व्यवसायाकडे येतो. स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक फुटबॉल कर्णधार वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे नाव डॉ. तालिमेरेन आओ. नागा डोंगरांत जन्मलेला, वडिलांना विषमज्वरात गमावलेला हा मुलगा, ‘डॉक्टर हो आणि लोकांची सेवा कर’ ही वडिलांची इच्छा उराशी बाळगून कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात आला. आज ती संस्था आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. शिकता शिकता तो मोहन बागानकडून खेळला, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार झाला.

३१ जुलै १९४८ रोजी भारताची गाठ फ्रान्सशी पडली. स्वातंत्र्याला एक वर्षही पूर्ण झाले नव्हते. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. फ्रान्सने पहिला गोल केला; उत्तरार्धात रामन यांनी बरोबरी साधली. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. सामना संपायला अगदी थोडा अवधी उरला असताना फ्रान्सने दुसरा गोल केला. १-२. आपण हरलो. पण त्या अनवाणी संघासाठी इंग्लंडच्या प्रेक्षकांनी मनापासून टाळ्या वाजविल्या. बूट का घालत नाही, या प्रश्नावर, ‘आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल खेळता’ अशा अर्थाचे मिस्कील उत्तर आओ यांच्या नावावर सांगितले जाते.

त्यानंतरचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. आओ यांनी १९५० साली एम.बी.बी.एस. पूर्ण केले आणि वडिलांना दिलेला शब्द पाळण्यासाठी ते आपल्या डोंगरांत परत गेले. कोहिमाच्या रुग्णालयात त्यांनी सेवा केली आणि पुढे ते नागालँडचे आरोग्य संचालक झाले. ‘खेळात वेळ घालवलास तर डॉक्टर कसा होशील?’ हा प्रश्न आपल्या घरांतून आज रोज विचारला जातो. त्याचे उत्तर १९५० सालीच देऊन झाले आहे.

येथवर दुबळ्यांचे गोडवे गाऊन झाले; आता आपल्या प्रेमाची थोडी तपासणी करू. १९९१ साली फ्रेझियर आणि स्नायडर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना एक काल्पनिक प्रश्न विचारला. दोन संघ सात सामन्यांची मालिका खेळणार आहेत. पहिला फार बलवान, दुसरा दुबळा. तुम्ही कोणाच्या बाजूने? ८१ टक्के विद्यार्थ्यांनी दुबळ्याची बाजू घेतली. मग त्यांना सांगण्यात आले की दुबळ्या संघाने पहिले तीनही सामने जिंकले आहेत. आता कोणाच्या बाजूने? दुबळ्याच्या बाजूचे निम्मे लोक तत्काळ उलटले आणि आता मागे पडलेल्या बलवान संघाचे झाले.

हा निष्कर्ष वाचून मी अस्वस्थ झालो. याचा अर्थ असा की आपले प्रेम त्या संघावर नसतेच, ते आपल्या रोमांचावर असते. त्या पोराचे बूट फाटके आहेत तोवर तो आपला. त्याला नवे बूट मिळाले आणि तो जिंकू लागला की आपण दुसरे फाटके बूट शोधायला निघतो. थरार आपण घ्यायचा आणि गैरसोय त्याने सोसायची, हा व्यवहार न्याय्य नाही. गरिबीतून वर आलेल्या विद्यार्थ्याचा सत्कार करताना आपण नेमके हेच करतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली तो कसा शिकला, हे डोळ्यांत पाणी आणून सांगतो. त्याच्या वस्तीत अभ्यासिका का नव्हती, हे मात्र विचारीत नाही.

प्रेक्षकाच्या पलीकडे कसे जावे, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ साली एका पावसाळी दिवशी झोपडपट्टीतील काही मुले फुटकी बादली लाथाडून खेळताना त्यांना दिसली. असे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पाहून आपण छत्री सावरतो आणि पुढे जातो. बारसे यांनी त्या मुलांना चेंडू दिला, मग झोपडपट्ट्यांमधील संघांची स्पर्धा भरविली. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही चळवळ उभी राहिली. तिच्या मुशीतून तयार झालेल्या अखिलेश पॉल याने २०१० साली रिओ दी जानेरो येथे झालेल्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. २०१६ साली या संस्थेला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ साली आलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट बारसे यांच्याच कार्यावर बेतलेला आहे. महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामधली भिंत ही त्या चित्रपटातील मोठी वस्तू. तसली भिंत प्रत्येक शहरात आहे. सुरतेत ती विटांची असेलच असे नाही, ती शिकवणीच्या शुल्काचीही असते.

येथे एक आक्षेप येईल. दुबळ्यांची अशी बाजू घेणे म्हणजे गुणवत्तेचा अपमान नव्हे काय? मला तसे वाटत नाही. दुबळ्या संघाला पंचांनी फुकटचा गोल बहाल करावा, असे त्याचा कट्टर पाठीराखाही म्हणत नाही. तसे झाले तर थरार त्याच क्षणी मरेल. नियम दोघांना सारखे, मैदान एकच, घड्याळ एकच. मागणी फक्त एवढीच की मैदानात उतरण्यापूर्वी दोघांच्या पायांत धड बूट असावेत. गुणवत्ता कोणाची अधिक, हे त्यानंतर कळते. त्याआधी कळतो तो फक्त बापाचा खिसा.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे, कारण तो आपल्याच घरातून येतो. खेळून पोट भरते का? आपल्या समाजाची पहिली पिढी धुळे, जळगाव, नंदुरबारकडून येथे आली ती लूम्सवर बारा-बारा तास उभी राहण्यासाठी. तिच्या दृष्टीने शिक्षण हीच एकमेव शिडी होती आणि तिचे काही चुकले नाही. आपण डॉक्टर झालो ते त्या पिढीच्या उभ्या पायांवर. परंतु आता आपली पिढी दहावीनंतर मुलांचा खेळ बंद करते, तो कोणत्या नाइलाजाने? सकाळी शाळा, दुपारी ‘नीट’ची शिकवणी, रात्री चाचणी. सतराव्या वर्षी पाठदुखी आणि अठराव्या वर्षी निद्रानाश घेऊन ही मुले आपल्याच दवाखान्यांत येतात. आपण त्यांना ‘थोडा व्यायाम करा’ असे लिहून देतो आणि घरी जाऊन आपल्या मुलाच्या हातातला चेंडू काढून घेतो. ज्या मुलाला पहिल्या क्रमांकाशिवाय दुसरे काही शिकविलेच नाही, त्याला परीक्षेत पहिला झटका बसला की सावरायला जागा उरत नाही. दुबळ्या संघात खेळलेला मुलगा हरण्याचा सराव केलेला असतो. शनिवारी हरून सोमवारी पुन्हा सरावाला येणे, हे शिक्षण कोणत्याही शिकवणीवर्गात मिळत नाही.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येतो: हा विषय डॉक्टरांचा का? कारण दुबळ्या संघाला जे कमी असते, त्यातील एक मोठा भाग आपल्या पेटीत आहे. श्रीमंत महाविद्यालयाच्या संघाला फिजिओथेरपिस्ट असतो; दुसऱ्याच्या नशिबी बर्फाचा तुकडा आणि ‘चल, ऊठ’ एवढेच. पहिल्या दुखापतीनंतर गुडघ्याचे नीट निदान न झाल्याने खेळ कायमचा सुटलेली मुले आपण प्रत्येकाने पाहिली आहेत. म्हणून माझी सूचना आहे की आपल्या संघटनेने दर वर्षी एका महाविद्यालयाचा एक संघ, आणि तो शक्यतो गुणतक्त्यात तळाशी असलेला, दत्तक घ्यावा. पैशांनी कमी, वैद्यकीय सेवेने अधिक.

हंगामापूर्वी सर्व खेळाडूंची तपासणी करावी: हृदयाची, डोळ्यांची, सांध्यांची, हिमोग्लोबिनची. दक्षिण गुजरात आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यामुळे ती चाचणी आपल्याकडे टाळता येणार नाही. अमेरिकेत २००६ साली राईस विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू सरावात कोसळून मृत्यू पावला. तो सिकलसेलचा वाहक होता हे नंतर कळले. त्यानंतर २०१० पासून तेथील वरच्या गटातील महाविद्यालयीन खेळाडूंसाठी या तपासणीचा नियम झाला. वाहक असणे म्हणजे खेळण्यास बंदी नव्हे, हेही पालकांना समजावून सांगितले पाहिजे. पुरेसे पाणी, हळूहळू वाढविलेला सराव, उन्हाच्या वेळा टाळणे आणि दम लागताच विश्रांती, एवढी पथ्ये पाळून ही मुले आनंदाने खेळू शकतात. आपल्याकडच्या दमट उकाड्यात ही पथ्ये साऱ्याच खेळाडूंच्या हिताची आहेत.

दुसरे, प्रशिक्षकांना, राखीव खेळाडूंना आणि मैदानाच्या चौकीदारालाही हृदयपुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण द्यावे. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानातच कोसळला. छातीवर तत्काळ दिलेला दाब आणि डिफिब्रिलेटरचा झटका यांमुळे तो वाचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळू लागला. समोर फिनलंडचा नवखा संघ होता. मोठ्या स्पर्धेतील त्यांचा तो पहिलाच सामना. थांबलेला खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो त्यांनी जिंकलाही. पण मधल्या त्या काळात बलवान आणि दुबळा हा भेदच उरला नव्हता. सारे मैदान एका माणसाच्या बाजूचे झाले होते. आपल्या शहरातील किती मैदानांवर तशी तत्परता आहे, याचा विचार करावा.

तिसरे, आणि सर्वांत सोपे: आपण सामन्याला जावे. मुलांना घेऊन जावे. महाविद्यालयीन सामन्यांना तिकीट नसते, गर्दी नसते, पायऱ्यांवर हवी तेथे जागा मिळते. ज्या संघाचा प्रशिक्षक कमी ओरडतो आणि खेळाडू जास्त, त्या संघाच्या बाजूला बसावे. तो बहुधा हरेल. हरला तर उठून टाळ्या वाजवाव्यात आणि पुढच्या सामन्यालाही यावे. जिंकला तर त्याचा हात सोडू नये; कारण खरी कसोटी तेव्हाच लागते.

रुग्णशय्येशी उभे राहून आपण रोज जे करतो, ते याहून फार वेगळे नाही. आकडे प्रतिकूल असतात, समोरचा आजार बलवान असतो, आणि तरीही दार किंचित किलकिले आहे म्हणून आपण हात थांबवीत नाही. दुबळ्याच्या बाजूने शेवटच्या शिट्टीपर्यंत उभे राहणे हा आपला व्यवसायधर्मच आहे. तो दवाखान्याच्या उंबऱ्याशी न थांबता मैदानापर्यंत जावा, एवढीच माझी सर्व डॉक्टर बंधू-भगिनींना विनंती आहे.